भाड्याने दिलेलं घर सांभाळणारी सर्व्हिस: तीन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

घर भाड्याने द्यायचं असं ज्यांच्या कधी मनातही नव्हतं आणि बाजार पडला म्हणून द्यावं लागलं, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. ज्यांनी गुंतवणूक म्हणूनच दोन-दोन तीन-तीन फ्लॅट घेतलेत त्यांना यातलं बरंचसं आधीच माहिती असणार. आम्हाला काहीच माहिती नव्हतं, आणि ते कळेपर्यंत आमचे जे पैसे आणि जी झोप गेली ती निदान दुसऱ्या कुणाची वाचावी म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि अशा सर्व्हिसेसची पॅकेजेस सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असतात, त्यामुळे त्यांच्याकडे जाऊन काय विचारायचं ते कळलं तरी पुरे.

आधी आम्ही यात कसे आलो ते सांगते, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा भाव अगदी शिगेला होते आणि ते शिगेला आहेत हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं. सोपं पडावं म्हणून आकडे शंभराच्या हिशोबात सांगते. घर शंभरला घेतलं, त्यातलं ऐंशी लोन. सहा वर्षं हप्ते भरले तरी लोन चौऱ्याहत्तर शिल्लक, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजातच जातो. तेवढ्यात नवऱ्याची नोकरी दुसरीकडे गेली, मुलीची शाळा तिकडे लावावी लागली, आणि इकडे बाजार बसला. अकरा महिने घर विकायला ठेवलं होतं. सगळ्यात चांगली ऑफर आली ती अडुसष्टची. म्हणजे घर विकायचं, वर बँकेला सहा खिशातून भरायचे आणि ब्रोकरचं कमिशन वेगळं. तेवढे पैसे हातात नव्हते. म्हणून भाड्याने दिलं, इतकं साधं आहे ते. याला ॲक्सिडेंटल लँडलॉर्ड म्हणतात हे मला नंतर कळलं, २००८ च्या मंदीनंतर हा शब्द खूप ऐकू यायला लागला कारण तेव्हा अमेरिकेत, ब्रिटनमधे, आयर्लंडमधे हजारो घरांचं हेच झालं होतं, घराची किंमत लोनच्या खाली गेली आणि माणसं अडकली.

त्या अकरा महिन्यांतले पहिले पाच महिने आमच्याच हट्टात गेले हे सांगायलाच हवं. आम्ही घर शंभरलाच लावलं होतं. का, तर आम्ही शंभरला घेतलं होतं. दुसरं काही कारण नाही. डेव्हिड जेनेसोव आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीवर अभ्यास केला होता, तो २००१ मधे छापून आला. त्यात दिसलं की ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं ते लोक किंमतच वाढवून सांगत होते, आणि किती वाढवून, तर बाजारात मिळेल अशी किंमत आणि स्वतःची खरेदीची किंमत यांच्यात जो फरक असेल त्याच्या २५ ते ३५ टक्के. त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत होती. आणि स्वतः राहायला घेतलेल्या घराचे मालक यात गुंतवणूकदारांच्या जवळजवळ दुप्पट अडून बसत होते. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. त्या पाच महिन्यांत एक बाई दोनदा येऊन घर बघून गेल्या होत्या आणि ब्याऐंशी म्हणाल्या होत्या. ब्याऐंशीला आम्ही लोन फेडून मोकळे झालो असतो. आम्ही त्यांना साधा उलटा फोनसुद्धा केला नाही. ते दुःख मला अजून आहे.

नवरा तेव्हा म्हणायचा, दोन वर्षं थांबू, भाव येतील वर. मलाही तसंच वाटायचं. मग मी जरा शोधाशोध केली. अमेरिकेत २००६ नंतर भाव साधारण २७ टक्के पडले आणि केस-शिलर निर्देशांक, म्हणजे घरांच्या भावांचा तिथला सगळ्यात प्रसिद्ध आकडा, तो परत २००६ च्या पातळीला यायला २०१६ उजाडलं. आयर्लंडमधे २००७ ते २०१३ मधे भाव निम्म्याहून खाली आले आणि २००७ ची पातळी परत दिसली ती २०२२ मधे. जपानमधे तर १९९१ नंतर भाव पडले ते कित्येक वर्षं वर आलेच नाहीत. प्रत्येक ठिकाणी असंच होईल असं काही नाही, पण दोन वर्षं हा आकडा आम्ही कुठून काढला होता त्याला काही आधारच नव्हता. भाड्याने द्यायचं म्हणजे कदाचित दहा वर्षं द्यायचं, हे डोक्यात बसल्यावरच आम्ही अशी सर्व्हिस घ्यायचा विचार सुरू केला. तुम्ही पण आधी हा विचार करा, कारण सहा महिने ढकलायचे असतील तर फोनवर भागतं, दहा वर्षं भागत नाही.

आम्ही पहिले चार महिने फोनवरच भागवलं होतं. भाडेकरू ओळखीतून मिळाला, ॲग्रीमेंट एका पानाचं, घराचे फोटो एकही नाहीत. मी दर पंधरा दिवसांनी काहीतरी कारण काढून जायची, पत्रं आलीत का बघते, मीटर बघते, आणि खरं म्हणजे भिंतीच बघायची. त्या माणसाला ते आवडत नव्हतं आणि त्याचं बरोबर होतं. त्याने चार महिन्यांत घर सोडलं आणि किचनच्या ओट्यावर एक लांब चरा होता. तो म्हणाला आधीपासून होता. मी म्हटलं नव्हता. तासभर आम्ही दोघं त्या चऱ्यापाशी उभे राहून भांडलो, माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं आणि त्याच्याकडेही नव्हतं, शेवटी डिपॉझिट सगळं परत दिलं. आता मला वाटतं तो खरंच आधीपासून असेल, मिक्सर सरकवताना माझ्याकडूनच पडला असेल. पण तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं.

आता सर्व्हिस. पॅकेजेस तीन. पहिलं फक्त भाडेकरू शोधून द्यायचा आणि ॲग्रीमेंट करून द्यायचं. दुसऱ्यात त्याच्या वर दर महिन्याचं भाडं गोळा करणं. तिसरं फुल, म्हणजे दुरुस्त्या, दर चार महिन्यांनी घराची पाहणी, भाडेकरूचे फोन घेणं, सगळं. आम्ही दोन वर्षं फुल घेतलं, भाड्याच्या दहा टक्के, आणि मग खाली उतरलो, ते का ते पुढे येईल.

पण सगळ्यात आधी चेक-इन रिपोर्टबद्दल लिहिते कारण माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसमधली खरी पैसे वसूल गोष्ट ही एकच आहे. भाडेकरू राहायला यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या एक बाई आल्या, हातात टॅबलेट, टॉर्च आणि एक छोटा आरसा. अडीच तास होत्या. मला वाटलं होतं चार खोल्यांचे चार फोटो काढतील. त्यांनी प्रत्येक नळ उघडून एक मिनिट चालू ठेवला. प्रत्येक बटण दाबलं. प्रत्येक खिडकीची कडी लावून बघितली. सिंकखालचं कपाट उघडून आत टॉर्च मारून पाईपच्या जोडाचा फोटो काढला, मग जोडावर कोरडा टिश्यू फिरवून त्याचा पण फोटो काढला. कमोडच्या मागे आरसा धरून बघितलं. मीटरचा आकडा, किल्ल्या टेबलावर ओळीने मांडून फोटो, कोणती कुठली ते लिहून. ओट्यावरचा तो चरा पण, त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवून, ३१ सेंटीमीटर. सहा वर्षं मी त्या घरात राहिले आणि तो ३१ सेंटीमीटर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर माझ्या मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, प्रत्येकीच्या बाजूला तारीख. त्या बाई तिथे थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, हे रंगवून घ्यायचंय का ठेवायचंय? मला काहीतरी एक लिहावं लागेल." मला पटकन बोलताच येईना. त्या थांबून राहिल्या, घाई केली नाही, ते मला फार आवडलं. मग मी म्हटलं ठेवा. रिपोर्टमधे ती नोंद अशी आली: चौकट, डावी बाजू, पेन्सिलच्या खुणा ११, मालकांच्या सूचनेनुसार ठेवल्या. त्याच्या वरची नोंद होती, बिजागरीचा एक स्क्रू नाही. खालची नोंद, दाराच्या मागचा हुक ढिला. रिपोर्ट ६२ पानांचा होता आणि मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मला त्या घरात जायची ओढ एकदम कमी झाली, काय आहे काय नाही ते सगळं लिहून झालं होतं, त्यावर माझी सही, भाडेकरूची सही, आणि मी तिथे जाऊन भिंतीवर डोळा ठेवायचं काही कारणच उरलं नाही. पंधरा दिवसांचे फेरे बंद झाले ते तिथून.

भाडं ठरवण्याचं काम पण त्यांनी चांगलं केलं. मी म्हटलं होतं भाडं एवढं हवं कारण हप्ता एवढा आहे. त्यांच्या ऑफिसमधला जो मुलगा आमचं काम बघायचा तो वयाने लहान पण स्पष्ट बोलणारा. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा हप्ता किती आहे याच्याशी भाडेकरूला काही देणंघेणं नाही हो. शेजारच्या बिल्डिंगमधे असाच फ्लॅट मागच्या महिन्यात कितीला गेला, तेवढंच तो बघणार." मला राग आला होता. घर विकतानाची आमची शंभरची चूक मी भाड्याच्या वेळी परत करत होते हे मला लगेच दिसलं नाही. त्याने सात टक्के कमी सुचवलं आणि हिशोब मांडून दाखवला की घर एक महिना रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्यातला बारावा भाग गेला, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. सात टक्के जास्त भाड्यासाठी एक महिना वाट बघितली तर पहिल्या वर्षी तोटाच. आम्ही त्याचं ऐकलं आणि तीन आठवड्यांत भाडेकरू मिळाला.

भाडेकरूची चौकशी कशी करतात ते पण मी बसून बघितलं. पगाराची कागदपत्रं, ओळखपत्र हे तर असतंच. पण ते आत्ताच्या घरमालकाऐवजी त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन करतात. कारण विचारल्यावर म्हणाले, आत्ताच्या मालकाला माणूस नकोसा झाला असेल तर तो गोड बोलूनच पाठवणार ना, आधीच्याला खोटं बोलायची गरज नाही. हे मला कधीच सुचलं नसतं. आम्हाला जे भाडेकरू मिळाले ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. आधीच्या मालकांनी त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं की गेले तेव्हा घर झाडून गेले.

भाडं गोळा करण्यात एक अडचण आली, पैसे बुडाले वगैरे काही नाही, पण तारखा जुळेनात. भाडेकरू पाच तारखेला भरायचा, सर्व्हिस आमच्या खात्यात बारा तारखेला टाकायची, आणि बँकेचा हप्ता सात तारखेला जायचा. म्हणजे दर महिन्याला पाच दिवस ते पैसे आम्हाला दुसरीकडून उभे करावे लागायचे. हे सही करायच्या आधी विचारलं असतं तर बदलून मिळालं असतं, नंतर विचारलं तर सिस्टीम आहे म्हणाले. शेवटी बँकेला अर्ज करून हप्त्याची तारीख पुढे घेतली. तुम्ही आधीच विचारा, पैसे किती दिवस ते धरून ठेवतात.

डिपॉझिटचं पण तसंच, ते कुणाच्या खात्यात राहणार हे लेखी घ्या. इंग्लंडमधे तर एप्रिल २००७ पासून कायदाच आहे की नेहमीच्या भाडेकरारांचं डिपॉझिट मान्यता असलेल्या स्कीमखाली सुरक्षित करायचं. सगळीकडे असा कायदा नाही, पण विचार योग्य आहे, ते पैसे भाडेकरूचे असतात, आपल्याकडे नुसते ठेवलेले असतात. आम्ही वेगळं खातं काढलं आणि त्याला हात लावत नाही.

आता दुरुस्त्या. इथे माझा खरा राग आहे आणि तो मी कमी करून लिहिणार नाही.

शनिवारी संध्याकाळी भाडेकरूने ॲपवर चौदा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. सिंकखाली, तोच जोड ज्याचा कोरड्या टिश्यूसकट फोटो रिपोर्टमधे होता, तिथून थेंब थेंब पाणी. ॲपवर लगेच हिरवी खूण आली, तक्रार नोंदवली म्हणून. मला पण मेसेज आला, मी निश्चिंत झाले, म्हटलं बघतील. रविवार गेला. सोमवारी मी विचारलं तर प्लंबरला काम दिलंय म्हणाले. मंगळवारी दुपारी प्लंबर गेला. तीन रात्री. मी सोमवारी रात्री न राहवून भाडेकरूला फोन केला, सर्व्हिसचा नियम आहे की मालकाने थेट फोन करायचा नाही, तरी केला. ते म्हणाले, "ताई, मी खाली बादली लावलीय, पण रात्री दोनदा उठून रिकामी करावी लागते. मी नसताना आई करते, तिला वाकता येत नाही नीट." आवाजात चिडचिड नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. माझ्या घरात एक म्हातारी बाई रात्री उठून बादली ओढतेय आणि माझ्याकडे हिरवी खूण आलीय. मी त्यांची माफी मागितली आणि म्हटलं यापुढे पाण्याचं काहीही असेल तर आधी मला फोन करा, मग ॲप.

बिल आलं ते बघा. व्हिजिट चार्ज, मजुरी, सामान, आणि चौथी ओळ, कोऑर्डिनेशन चार्ज, बिलाच्या पंधरा टक्के. सामान म्हणजे एक वॉशर आणि एक नट. कपाटाची तळाची फळी पाण्याने फुगली होती ती वेगळी. मी विचारलं कोऑर्डिनेशन कशाचं, तर ॲग्रीमेंटमधलं कलम दाखवलं, आणि ते होतं खरंच, आम्ही सही केली होती. जुना वॉशर कसा झाला होता त्याचा फोटो मागितला तर नाही म्हणाले. ज्या कंपनीने चेक-इनला माझ्या कमोडमागे आरसा धरून फोटो काढला त्यांच्याकडे बिल लावलेल्या कामाचा एक फोटो नसावा हे मला पटलं नाही आणि अजून पटत नाही. तक्रार केली, फळीचे अर्धे पैसे दिले, पण तीन रात्रींबद्दल कुणी काही बोललं नाही.

म्हणून दोन वर्षं झाल्यावर आम्ही दुसऱ्या पॅकेजवर आलो. दुरुस्त्या आता आमच्याकडे. त्याच भागातला एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन ठरवलाय, भाडेकरूकडे दोघांचे नंबर आहेत, ठरलेल्या रकमेपर्यंत त्यांनी मला न विचारता बोलवायचं, काम झालं की आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवायचा, मी त्याच दिवशी पैसे टाकते. तीन वेळा वेळ आली, तिन्ही वेळा दिवसाच्या आत काम झालं. ज्यांना हे जमणार नाही, परदेशात वगैरे असाल, त्यांनी फुल पॅकेज घ्यावंच लागेल, पण मग सही करताना तीन गोष्टी लिहून घ्या: पाणी आणि वीज यांच्या तक्रारीला किती तासांत माणूस येणार, न विचारता किती खर्च करणार, आणि बिलावर त्यांचा स्वतःचा किती टक्का.

रिन्यूअल फीबद्दल थोडक्यात. तोच भाडेकरू, तेच घर, फक्त तारीख बदलायची, त्याला अर्ध्या महिन्याचं भाडं फी. भांडून कमी करून घेतली. सगळेच कमी करतात, फक्त मागावं लागतं.

चार महिन्यांची पाहणी मात्र चांगली. दुसऱ्या पाहणीत बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला हाताच्या पंजाएवढा ओलावा दिसला, भाडेकरूच्या लक्षात आला नव्हता कारण तिथे कपाट होतं. वरच्या मजल्याचा पाईप निघाला. तेव्हा सापडला म्हणून भिंत वाचली.

एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती ती सांगितली नाही, ती म्हणजे बँक आणि इन्शुरन्स. राहायला म्हणून घेतलेल्या लोनवरचं घर भाड्याने द्यायचं तर बऱ्याच बँकांची परवानगी लागते, ब्रिटनमधे तर त्याला कन्सेंट टू लेट असं नावच आहे. आणि घराची पॉलिसी मालक स्वतः राहतो या हिशोबाची असेल तर भाडेकरू आल्यावर ती बदलून घ्यावी लागते, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. बऱ्याच पॉलिसींमधे घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तरी कव्हर कमी होतं, आमचं घर विकायला ठेवलेलं असताना बरेच महिने रिकामं होतं आणि आम्हाला हे माहितीच नव्हतं. नशीब काही झालं नाही. मी पॉलिसी काढून बारीक अक्षरं वाचली तेव्हा छातीत धस्स झालं. सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर म्हणाले ते आमच्या कामात येत नाही. येत नसेल, पण पहिल्या दिवशी एक ओळ सांगायला काय हरकत होती?

पैशांचा खरा हिशोब पण देते, लोक हा लपवतात. हप्ता शंभर धरला तर आमचं भाडं सत्तर. त्यातून पहिली दोन वर्षं सरासरी काढली तर सर्व्हिसचे सात गेले, बिल्डिंगचा मेंटेनन्स सहा, दुरुस्त्या चार, रिकाम्या दिवसांचे दोन. हातात एक्कावन्न. म्हणजे दर महिन्याला एकोणपन्नास आम्ही खिशातून घालत होतो, वर राहतो त्या घराचं भाडं वेगळं, आणि कर वेगळा, तो ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे. भाड्यातून हप्ता निघतो असं कुणी म्हणालं तर विचारा की यातलं काय काय धरलंय. लोन कमी होतंय एवढं खरं, आणि घर विकून बँकेला ते सहा (घराच्या शंभराच्या हिशोबातले) एकदम भरण्यापेक्षा हे आम्हाला झेपलं. प्रत्येकाला झेपेलच असं नाही. ज्यांच्या बाबतीत लोन आणि मिळणारी किंमत यांच्यातला फरक छोटा आहे त्यांनी तोटा सोसून विकण्याचा पण नीट विचार करावा असं मला आता वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

सर्व्हिसने शोधून दिलेले पहिले भाडेकरू सव्वीस महिने राहिले. जायच्या वेळी चेक-आउट झालं, त्याच बाई, तोच टॅबलेट, जुन्या फोटोशेजारी नवा फोटो. ओट्याचा चरा ३१ सेंटीमीटरच. हॉलच्या भिंतीत खिळ्यांची नऊ भोकं नवीन. ऑफिसमधून मला मेल आला की पूर्ण हॉल रंगवायचा खर्च डिपॉझिटमधून कापू शकतो, मान्य असेल तर कळवा. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग रिपोर्ट परत उघडला. रंगाची नोंद होती, चेक-इनच्या वेळीच तो साडेतीन वर्षं जुना होता. साधा रंग पाचेक वर्षं टिकतो धरलं तर आता तो तसाही काढायचाच होता, मग नवा रंग त्या माणसाच्या पैशाने का मारायचा? नऊ भोकं बुजवायचे पैसे कापा, तेवढेच, असं मी कळवलं, आणि नंतर तेही कापू नका म्हणून परत मेल केला. बाई जाताना मला म्हणाल्या की चौकटीवरच्या खुणा आहेत तशा आहेत, मोजल्या, अकरा. भाडेकरूंनी तिथे वरून पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलं होतं, आईचा हात धरायला तिथे जायचा म्हणून पुसतील अशी भीती वाटली त्यांना. मला कधी सांगितलं पण नव्हतं.

त्यानंतर पाच आठवडे घर रिकामं होतं, हॉल रंगवला आमच्या पैशाने, आता दुसरं कुटुंब आहे. बाजार थोडा सावरलाय, मधे एक ब्रोकर अठ्ठ्याहत्तरची ऑफर घेऊन आला होता. लोन आता सत्तरच्या खाली आहे. पण ॲग्रीमेंटचे सात महिने बाकी आहेत आणि त्यांच्या मुलाचं शाळेचं वर्ष मधेच आहे, त्यामुळे ते संपेपर्यंत आम्ही काही करणार नाही, ब्रोकरला तसं सांगून टाकलं.

मार्क द्यायचे तर चेक-इन चेक-आउटला पाचपैकी पाच, भाडेकरू शोधण्याला साडेचार, भाडं गोळा करण्याला तीन, दुरुस्त्यांना एक. तुम्ही कुठल्याही कंपनीकडे गेलात तर पॅकेज आणि टक्के विचारायच्या आधी त्यांनी केलेला एखादा जुना चेक-इन रिपोर्ट दाखवा म्हणा, नाव-पत्ता झाकून. आठ-दहा पानांचा निघाला आणि त्यात सिंकखालचा फोटो नसेल तर तिथे सही करू नका.